हाकेवर लावलेली किंगरी

बेसा, नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

काकाजी, जय सेवा.

पत्र लिहून राहिली, कारण तुमाले फोन करणं म्हणजे भिंतीले विचारणं. दिवाळीत तीनदा केला. तिन्ही वेळा शेजारच्या गोपाळरावांनी उचलला न म्हणाले, "रुपराव म्हणतात नंतर." भाऊबीजेले स्वतः आली, तं तुम्ही टीव्ही एवढा मोठा लावून बसले होते का मी काय बोलली ते माह्याच कानाले समजलं नाही. तुम्ही आपले 'हो, हो' करून राहिले. एवढा भाव कोणाले दाखवता, काकाजी? मी तुमच्या मोठ्या भावाची पोरगी आहे, विमा एजंट नाही.

तेव्हा जे सांगत होती ते आता लिहिते. नॉर्वेत मारेत नावाची एक गाणारी बाई आहे. ती सामी लोकांची, म्हणजे तिकडल्या बर्फातले आदिवासी, रेनडिअर पाळणारे. आमच्या बँडमधलं माहं गोंडी गाणं तिनं कुठंतरी ऐकलं. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते न संध्याकाळी बास गिटार वाजवते, अशी ही पोट्टी तिले एकदम पसंत पडली. जूनमध्ये ट्रॉम्सो गावात महोत्सव आहे. तिथं तिच्यासंगं, तिच्या वादकांसंगं वाजवाचं. नागपुरातून सगळं 'नादारण्य प्रतिष्ठान' पाहून राहिलं. ऑफिस धरमपेठेत. तिथलं अरण्य म्हणजे कुंडीतलं मनीप्लांट, तेही अर्धं वाळलेलं.

मले दोन गोष्टी पाहिजे. एक, आजोबांची गजानं वाजवाची किंगरी, गजासकट. दुसरी, मी तार लावलेली तुम्ही एकदा ऐकाची न 'बरोबर' म्हणाचं. आपल्या घरात यंत्रावर तार लावत नाहीत. ज्या घरी गाचं त्या घरच्या सगळ्यात मोठ्या बाईले म्हणाचं, "माय, जेवाले बोलावतेस तशी हाक मार," न त्या हाकेवर पहिली तार लावाची. मी नऊ वर्षांची होती तेव्हा तुम्हीच शिकवलं. बँडमधले पोट्टे हसतात, हसू देत. पण तुमच्या तोंडून 'बरोबर' निघाल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.

तुमची,
नंदिनी


कळमेश्वर
११ नोव्हेंबर

नंदे,

बर्फातले आदिवासी! बाप्पा! इथले आदिवासी संपले काय, का त्याईले बर्फातून उकरून काढून राहिले? तिथं शेकोटी पेटवाले कोणी भेटत नसन म्हणून तुले बोलावलं असन.

तू ती लांब दांडी गळ्यात अडकवून धुडुम धुडुम कराले लागली, तेव्हाच तुही काकी म्हणे, "पोरीच्या मनात काय आहे ते वाजू द्या." ती म्हणे म्हणून म्या चूप बसलो. आता ती नाही, तं बोलतो. तुह्या बँडमध्ये चार जण आहेत न चौघंही एकमेकांचं ऐकत नाहीत. आता त्यात बर्फातले दहा घाला. मंग कोणाचंच ऐकाची गरज नाही.

न तू तिथं गाणार कोणाच्या घरी? हॉल म्हणजे घर नाही, पोरी. हॉलमध्ये म्हातारी नसते, मॅनेजर असते. मॅनेजरच्या हाकेवर तार लावशील? तो काय हाक मारीन, "नेक्स्ट"?

फोनवर ऐका, व्हिडिओवर ऐका, असं म्हणू नको. फोनमधून किंगरी ऐकणं म्हणजे फोटोतली भाजी खाणं.

किंगरी भिंतीवर आहे. तिथंच राहीन. तिले कोणी हात लावाचा नाही, न खुंट्याईले तं बिलकुल नाही.

रुपराव


धरमपेठ, नागपूर
२ डिसेंबर

आदरणीय श्री. रुपरावजी उईके,
सप्रेम वंदन.

आपल्यासारख्या निसर्गपुत्राला पत्र लिहिताना लेखणी थरथरते आहे. 'बर्फ आणि वणवा' या आमच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे उद्घाटन बारा जानेवारीला आहे आणि आपल्या किंगरीच्या आदिम स्वरांनीच ते व्हावे, अशी प्रतिष्ठानची मनीषा आहे.

काही लहानशा विनंत्या. आपण पारंपरिक वेशात यावे, शक्यतो डोक्यावर पिसे असावीत. नॉर्वेतील पाहुण्यांना छायाचित्रांसाठी ते सोयीचे जाईल. नंदिनीने दिलेल्या माहितीत 'निवृत्त प्रेस ऑपरेटर' असा उल्लेख होता. तो कार्यक्रमाच्या भावविश्वाशी विसंगत वाटल्याने आम्ही तिथे 'अरण्यसाधक' असे केले आहे, आपली हरकत नसावी. आणखी एक. आपले वाद्य आंतरराष्ट्रीय प्रमाणापेक्षा किंचित उतरलेले असते, असे आमच्या तज्ज्ञांचे मत आहे. मोबाइलवर एक सोपे अ‍ॅप मिळते. त्यावर पाहून आपण ते दुरुस्त करून आणावे.

आपल्या संस्कृतीचा आवाज जगापर्यंत पोहोचवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपली विनम्र,
चारुशीला
कार्यक्रम समन्वयक, नादारण्य प्रतिष्ठान


कळमेश्वर
९ डिसेंबर

चारुशीलाबाईले,

तुमचं पत्र भेटलं. लेखणी थरथरत असन तं बीपी तपासून घ्या.

मी निसर्गाचा पोरगा नाही. माह्या बापाचं नाव महादू होतं. माह्या घरासमोर कारखाना आहे, मागं गिट्टीचा ढीग. दोघाईच्या मधात जे काही अरण्य आहे ते गाजरगवताचं आहे, पाहिजे असन तं घेऊन जा. त्या कारखान्यात म्या एकतीस वर्षं प्रेस चालवला, पत्र्याचे डबे काढले. तुमच्या घरात तेलाचा डबा असन तं तो माह्या हातचा असू शकते. त्या प्रेसनं माह्याकडून काय काय नेलं ते तुमच्या फॉर्मात मावणार नाही. पण नाव लिहाचं असन तं प्रेसचंच लिहा.

पिसं माह्याजवळ नाहीत. कोंबडीवाल्याच्या दुकानामागं पडलेली असतात. तुमच्या तज्ज्ञाच्या डोक्यावर चांगली दिसतीन.

किंगरी उतरलेली नाही. तुमचं प्रमाण चढलेलं आहे. त्याले खाली उतरवा.

मी येत नाही.

रुपराव उईके
निवृत्त प्रेस ऑपरेटर


बेसा
२० जानेवारी २०२५

काकाजी,

तुमाले वाटलं तुम्ही त्या बाईले जोडा हाणला. तिनं तो फ्रेम करून भिंतीवर लावला! खरंच सांगते. उद्घाटनात तुमचं पत्र तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, डोळे पुसत पुसत. "किती रसरशीत बोली! किती अस्सल संताप!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोंबडीच्या पिसांच्या वाक्यावर तं तो तज्ज्ञ स्वतः उभा राहून टाळ्या वाजवून राहिला होता. अशा लोकांना शिवी देऊन काही उपयोग नाही, ते तिचीही कार्यशाळा घेतात.

मले त्यांची किळस येते, काकाजी. पण त्यांच्यामागं मारेत आहे. ती व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं एकच विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, काकानं. तिनं तुमचं नाव लिहून घेतलं न दोनदा म्हणून पाहिलं. चारुशीलाबाई, पत्रावर तुमचं नाव बरोबर लिहूनही, उद्घाटनात 'रुपेशजी, रुपेशजी' करून राहिली होती.

आता कामाचं. तुम्ही येत नाही, फोन घेत नाही, म्हणून मीच रेकॉर्ड करून पाठवून राहिली. किंगरी देवलापारच्या एका म्हाताऱ्याकडून मागून आणली. आमच्या घरमालकीण प्रेमिलाबाईले हाक मारायले लावली, तिच्यावर तार लावली, न सक्करदऱ्यात विक्कीच्या स्टुडिओत बसून वाजवलं. विक्कीनं लगेच कॉम्प्युटरवर सगळं 'सरळ' करून टाकलं. म्हणे, "ताई, थोडंसं बेसूर होतं, ठीक करून दिलं." प्रेमिलाबाईची हाक पुसून टाकली बेट्यानं! मी भांडून पहिलंच परत घेतलं.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ते आहे. गोपाळरावांच्या स्पीकरले लागते. ऐका न काय ते स्वच्छ लिहा. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत मले नॉर्वेले हो का नाही कळवाचं आहे. खोटी स्तुती करू नका. तशी तुमाले सवयही नाही.

नंदिनी


कळमेश्वर
२ फेब्रुवारी

नंदे,

ऐकलं. दोन डाव ऐकलं.

स्वच्छ लिहा म्हणाली, तं घे. पहिली तार जराशी चढलेली आहे. तुही घाई, दुसरं काही नाही. गज दाबून धरते, जशी कोणी हिसकून नेणार आहे. मधात श्वास घेत नाही. प्रेमिलाबाई कोण ते मले माहीत नाही, पण ती बाई जेवाले बोलावून राहिली का भाड्यासाठी बोलावून राहिली ते समजत नाही. शेवटी शेवटी हात थोडा मोकळा झाला, तेवढं बरं.

पण 'बरोबर' नाही. 'बरोबर' म्हणत नाही.

माह्या मते जाऊ नको. बर्फात सर्दी होते.

रुपराव


बेसा
१० फेब्रुवारी

काकाजी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी विक्कीचा फोन आला. "ताई, गडबड झाली, पेनड्राइव्ह बदलली." तुमाले जी पाठवली तिच्यात किंगरी नव्हतीच. चारुशीलाबाईचं उद्घाटनाचं भाषण होतं. सव्वीस मिनिटं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं भाषण.

तुम्ही दोन डाव ऐकलं. त्यात तुमाले गज दाबलेला ऐकू आला.

पहिले मी हसली. भल्ली हसली, लॅबमधल्या पोरी पाहाले आल्या. मंग राग आला, का या माणसानं ऐकलंच नाही, स्पीकरले लावलंही नाही न मले शिकवून राहिला. मी गोपाळरावांना फोन केला. ते म्हणाले, "लावलं ना, माह्याच घरी लावलं. रुपराव स्पीकरवर हात ठेवून बसले होते. बाई बोलून राहिली होती न हे मान हलवून राहिले होते. मले वाटलं भाषण आवडलं."

मंग दिवाळीचा टीव्ही आठवला. गोपाळरावांनी उचललेले फोन आठवले. तुमचं 'हो, हो' आठवलं.

कधीपासून, काकाजी? काहून नाही सांगितलं? मी तुमाले घमेंडी समजत होती. लोकांना सांगत होती, आमच्या काकाजीले कोणी पसंतच पडत नाही. मी बह्याड, का तुम्ही बह्याड, ते तुम्हीच ठरवा. पण हेही लिहून ठेवते, का माह्या वाजवण्याबद्दल तुम्ही खोटं बोलले. वाईट म्हणून खोटं बोलले, पण खोटंच ना? चारुशीलाबाई न ऐकता टाळ्या वाजवते, तुम्ही न ऐकता नाव ठेवता. फरक काय राहिला?

आता मले 'बरोबर' नको. अठ्ठावीस तारखेले मी त्यांना नाही कळवून टाकते.

नंदिनी


कळमेश्वर
१६ फेब्रुवारी

नंदे,

त्या बाईच्या भाषणात म्या किंगरी ऐकली हे तिले सांगू नको. आणखी एक फ्रेम करीन.

बाकी तू लिहिलं ते खरं आहे. फरक राहिला नाही. वाचून मान खाली गेली माही.

डावा कान कारखान्यातच गेला. प्रेस दणादण चाले, कानात बोळे घालाले कोणी सांगितलं नाही, म्या विचारलं नाही. उजवा नंतर हळूहळू गेला. शेवटी शेवटी एकच आवाज येत होता, तुह्या काकीची हाक. समोरच्या ओट्यावर उभी राहून ती "जेवाले याऽऽ" म्हणे न प्रेसच्या दणदणाटातून ते आत येत जाये. कारखाना सुटला तरी तीच हाक येत राहिली. मंग ती गेली. तेव्हापासून ऐकाले काही राहिलंच नाही, तं सांगू काय न कोणाले? मशीन घ्या म्हणशील. कान कशाले उघडू? टीव्हीसाठी?

ती गेली त्याच्या चार दिवस आधी म्या सहज किंगरी काढली. तिले म्हटलं, मार हाक. ती म्हणे, "आता काय सोंग लावलं?" पण मारली. म्या तार लावली. मंग ती गेली न तार तशीच राहिली. म्या खुंटीले हात लावला नाही. रोज सकाळी किंगरी काढतो, दांडीले दात लावतो न गज फिरवतो. कानात काही येत नाही, पण जबड्यात येते. तिची हाक जबड्यात येते, नंदे. मंग मी चहा ठेवतो.

तुले किंगरी दिली असती तं तू दुसऱ्या घरची हाक लावली असती. लावाच लागते, नेमच आहे आपला. मंग माह्याजवळ काय राहिलं असतं? म्हणून बर्फाले न हॉलले शिव्या देत बसलो. सोपं होतं ते.

पण तू 'नाही' कळवू नको. माह्या खोटेपणावर तुहं 'नाही' उभं राहू नये.

एक डाव नेम मोडू. त्याईच्या हॉलले घर नाही ना, तं तू घर घेऊन जा. तुह्या काकीचीच हाक घेऊन जा. पण घोड्याच्या केसाची तार आहे. तिथल्या थंडीत उतरन, न तुलेच लावा लागन. म्हणून रविवारी ये. म्या स्वतः खुंटी सोडतो. तुह्या मनात काकीची हाक आहे का नाही ते तू लावून दाखव, म्या दातानं पाहतो. नसन, तं दोघाईजवळूनही गेली समज. ती गेली तेव्हापासून, दोन वर्षं, मले ही भीती होती. तू ये.

येताना जेवून येऊ नको.

रुपराव


ट्रॉम्सो, नॉर्वे
१७ जून २०२५

काकाजी, जय सेवा.

इथं सूर्य मावळतच नाही. लोक जाड पडदे लावून झोपतात न सकाळी उठून म्हणतात, काय सुंदर उजेड. मच्छीचा वास सगळीकडे. चारुशीलाबाई सोबत आहे. तिनं येताना वारली चित्रांच्या साड्या आणल्या, कारण तिले वाटते आदिवासी म्हटलं का एकच. इथल्या एका पत्रकाराले तिनं सांगितलं का मी जंगलातून आली. मी मागून ओरडली, "बेसा! बेसा! मनीषनगरच्या पुढं!" त्यानं ते लिहून घेतलं. बेसा म्हणजे काय ते त्याचं तो पाहीन.

आता खरी गोष्ट. तुमचा तो रविवार माह्या डोक्यातून जात नाही. तुम्ही खुंटी सोडली न किंगरी माह्यापुढं केली. पहिल्यांदा लावली, तुम्ही दात लावले न मान हलवली, नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा माह्या डोळ्यांत पाणी आलं न तुम्ही डाफरले, "रडू नको, केस ओले होतात." चौथ्यांदा म्हणाले, "ही भाजीत मीठ जास्त झाल्यावरची आहे." पाचव्यांदा तुम्ही काहीच म्हणाले नाही. तोंडच काढलं नाही दांडीवरून. मी गज फिरवत राहिली, फिरवत राहिली, हात भरून आला. मंग तुम्ही उठले न चहा ठेवला. 'बरोबर' म्हणालेच नाही. विमानात बसली, पण ते मनात घेऊनच बसली.

इथं तालमीच्या पहिल्या दिवशी तुम्ही म्हटलं तसंच झालं. तार उतरली होती. मी डोळे मिटून काकीले ओट्यावर उभी केली न लावली. आवाजाचा माणूस यंत्र घेऊन आला. म्हणे, हे कोणत्याच सुरात नाही, दोन सुरांच्या मधात आहे, वर घ्यावं लागेल. चारुशीलाबाई लगेच पुढं, "मी यांना आधीच पत्रानं कळवलं होतं!" सगळे माह्याकडं पाहून राहिले. मले वाटलं, आता गेली हाक.

मारेत बसली होती. तिनं विचारलं, "हा सूर कोणाचा?"

मी म्हटलं, "माझ्या काकीचा."

"ती काय म्हणते?"

"जेवायला बोलावते."

तिनं सांगितलं, त्यांच्यातही माणसाचं स्वतःचं गाणं असते. त्या माणसाबद्दलचं नव्हे, तेच गाणं म्हणजे तो माणूस. ते कोणी सरळ करत नाही. मंग ती उठली न आपल्या लोकांना म्हणाली, आपण खाली येऊ.

काकाजी, अकरा वादक होते. व्हायोलिनवाले, एक भला मोठा चेलो, बासरीवाला, गिटारवाले. मी किंगरीची पहिली तार वाजवत राहिली न ते एकेक करून खुंट्या उतरवत काकीच्या हाकेवर आले. बासरीवाल्याले जमेना, तो नळी ओढून ओढून घामाघूम झाला, पण आला. पियानो उतरवता येत नव्हता, म्हणून त्याचं झाकण लावून टाकलं. चारुशीलाबाई त्या झाकणावर पर्स ठेवून बसली. आवाजाचा माणूस आपल्या यंत्राकडं पाहून राहिला होता, ते बिचारं लाल दिवाच दाखवत होतं.

काल कार्यक्रम झाला. टाळ्या-बिळ्या झाल्या, ते सोडा. सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून ती एक तार धरली, तेवढ्यात मले ओटा दिसला, समोरचा कारखाना दिसला. मी रडली नाही. केस ओले होतात.

आठ जुलैले परत येते.

नंदिनी


कळमेश्वर
५ जुलै

नंदे,

हे पत्र बेस्याच्या पत्त्यावर टाकतो. पोचशील तेव्हा भेटन.

अकराच? तुही काकी हाक मारे तं अख्खी शिफ्ट मान वर करे. फोरमनही करे. त्याचा डबा घरून येत जाये, तरी करे. न तुह्या त्या अकराले घाम फुटला म्हणते. पण आले ना, मंग चाललं. त्या मारेतबाईले माहा जय सेवा सांग. ती बर्फातली आहे हे म्या माफ केलं.

चारुशीलाबाईचं पत्र आलं होतं. लिहिते, नंदिनीच्या काकींच्या 'आदिम हाके'वर प्रतिष्ठान एक परिसंवाद घेणार आहे, काकींचा फोटो पाठवावा, शक्यतो चुलीजवळचा. चूल नव्हती, गॅस होता, असं लिहून कळवलं.

घर चूप आहे. ते पहिलेही होतंच म्हणा. पण सकाळी उठून भिंतीकडं हात जाते न रिकामा परत येते. चार महिने झाले. म्या म्हटलं होतं, तू नेशील तं माह्याजवळ काय राहीन. सांगतो काय राहिलं. तुहं पत्र आलं त्या दिवशी पहाटे दात नुसते दातावर ठेवून बसलो होतो. आलं थोडंसं. जास्त नाही, पण आलं.

तू ते 'बरोबर' मनात घेऊन विमानात बसली म्हणते. बह्याड पोरी, त्या रविवारी पाचव्यांदा बरोबरच होतं. लावल्याबरोबर समजलं मले. तोंड काढून सांगाले पाह्यजे होतं. पण तोंड काढलं असतं तं हाक गेली असती.

रुपराव